फ्रिज आतून कोणी पुसला

मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे विद्याधर सर समतेचे जाणकार म्हणून ओळखले जात, आणि ही ओळख त्यांनी चाळीस वर्षांच्या चिकाटीने कमावली होती. वडील परळच्या गिरणीत साचे चालवत. मुलगा समाजशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि अनेक सन्मान गळ्यात घालून निवृत्त झाला. एप्रिल उजाडला की जयंतीच्या व्याख्यानांनी त्यांची डायरी भरून जाई: घाटकोपर, विक्रोळी, चेंबूर, एखाद्या वर्षी थेट बार्शी. व्याख्यान झाले की सर आयोजकांच्या घरी पंगतीत बसून जेवत, आणि मग ते जेवल्याचे इतरत्र सांगत. यांतले दुसरे काम त्यांना अधिक सफाईने जमे.

घरातला जुना फ्रिज दिवाळीनंतर निवर्तला, तेव्हा नवा न आणता कंपनीने दुरुस्त करून नव्यासारखा केलेला वापरलेला फ्रिज घ्यावा, हा निर्णय सरांचाच. उपभोगाच्या संस्कृतीवर त्यांनी दोन दीर्घ लेख लिहिले होते; त्यांचे स्मरण ठेवणे त्यांना भाग होते.

“दुसऱ्याचं उष्टं कशाला आणायचं घरात?” लताबाईंनी विचारले होते.

“अगं, यंत्राला कसलं उष्टं?”

“मग उद्यापासून समोरच्या शहांच्या ताटात जेवा. ताटही यंत्रावरच बनतं.”

सर हसले. बायकोच्या अशा वाक्यांवर हसून ती निकालात काढण्याची त्यांची जुनी पद्धत होती, आणि संसार तिच्यावरच टिकला होता.

बुधवारी साडेदहाला फ्रिज आला. दोन हमालांनी तो वर चढवून दिवाणखान्यात उभा केला आणि ते गेले. मागोमाग कंपनीचा तंत्रज्ञ आला. पस्तिशीचा, कानावर पेन्सिल, खांद्यावर अवजारांची पिशवी. सरांना पाहताच तो उंबऱ्यातच थबकला.

“सर, तुम्ही? ऑर्डरवर नुसतं व्ही. एम. होतं ना, कळलंच नाही. घाटकोपरला आमच्या विहारात आला होता तुम्ही, तीन वर्षं झाली. माझ्या वडिलांनी तुमचं अख्खं भाषण मोबाइलवर भरून घेतलंय. अजून लावतात.”

“अस्सं!” सर म्हणाले. परमेश्वर नसल्याची खात्री पटलेल्या माणसालाही स्तुती ऐकताना वर बघावेसे वाटते. सरांनी पंख्याकडे पाहिले. “काय नाव तुमचं?”

“प्रबुद्ध.”

लताबाई स्वयंपाकघरातून चहा घेऊन येत होत्या. हे संभाषण त्यांच्यापर्यंत पोचले ते शेवटच्या शब्दापुरतेच. “वा, छान नाव आहे रे! आमच्या दुसऱ्या मजल्यावर जोशींचा नातू आहे प्रबुद्ध. घे, चहा घे आधी. उन्हातून आलायस.”

प्रबुद्धने चहा दोन घोटांत संपवला आणि कामाला लागला. काम करताना तो बोलत होता, आणि बोलताना त्याचे हात थांबत नव्हते. फ्रिज भिंतीपासून चार बोटे पुढे ओढला. लताबाईंकडून पाण्याने अर्धी भरलेली वाटी मागून घेतली, फ्रिजच्या डोक्यावर ठेवली आणि पाणी दोन्हीकडे सारखे दिसेपर्यंत पुढचे पाय एकेक आटा फिरवत बसला. मग वर्तमानपत्राची पट्टी दाराच्या रबरात धरून दार लावले आणि पट्टी ओढून पाहिली. ती फाटली, पण सुटली नाही.

“बघा काकू, कशी पकड आहे! एक मुंगी आत जाणार नाही.”

“कोणाच्या घरातला रे हा?”

“पवईचा. तळ्यासमोरचं कॉम्प्लेक्स. मॅडम अमेरिकेला गेल्या.”

पवई ऐकून लताबाईंच्या कपाळावरची एक आठी उतरली. उष्ट्यालाही प्रतवारी असते, आणि तळ्यासमोरचे उष्टे हे प्रसादाच्या जवळपास जाते. “पण आतून नीट साफ केलाय ना? कोणी काय काय ठेवलं असेल. मटण, बिटण.”

“काकू, आतून मीच पुसलाय,” प्रबुद्ध म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कारागिराचा तो निरागस अभिमान आला, जो आजवर अनेकांच्या अंगाशी आला आहे. “जोगेश्वरीला वर्कशॉप आहे आमचं. दोन दिवस घातलेत याच्यावर. प्रत्येक खण, दाराचे कप्पे, बर्फाचा ट्रे, मागची जाळी, सगळं सुटं करून सोड्याच्या पाण्याने घासलं. स्वतःच्या हातानं. हाताखालच्या पोराला देत नाही मी. जो तयार करतो त्याने आपलं नाव लावायचं, असा माझा नियम आहे. हे बघा.”

फ्रिजच्या कडेला पांढरी चिकटपट्टी होती. तीवर सुबक अक्षरांत लिहिले होते: प्रबुद्ध दादू सरवदे.

लताबाईंनी ते वाचले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही झाले नाही. लताबाई सुसंस्कृत होत्या, आणि संस्कृती म्हणजे चेहऱ्यावर काही न होऊ देणे. त्या फक्त एवढेच म्हणाल्या, “बरं. तुमचं अजून किती वेळ काम आहे?”

प्रबुद्धचा हात क्षणभर थांबला. आडनाव कळेपर्यंत त्याला ‘अरे’ म्हणणारी आणि कळताच ‘तुम्ही’वर जाणारी माणसे त्याने आयुष्यात पुष्कळ पाहिली असावीत. आदराचा इतका तीक्ष्ण उपयोग दुसऱ्या कोणत्या समाजाला साधला असेल, हा खरे तर सरांच्या संशोधनाचा विषय. सरांनी तो बदल ऐकला. नोंदवलाही. नोंदवणे हा त्यांचा व्यवसायच होता.

“झालंच, काकू,” प्रबुद्ध म्हणाला आणि सरांकडे वळला. “सर, तीन गोष्टी. टेम्पोत उभा मावत नव्हता म्हणून आडवा आणलाय. कॉम्प्रेसरचं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते खाली उतरायला चार तास लागतात. तीनच्या आत बटण दाबायचं नाही. दुसरं, आत आता पुसायचं काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वरच्या खणात मागे ही जाळी आहे ना, थंड हवा इथून येते. तिच्या मागे पंखा आहे, वायरी आहेत. इथे पाणी गेलं की बोर्ड उडाला. वाट लागली समजा.”

“समजलं.”

प्रबुद्धने पिशवीतून एक वही काढली. “आधीच दोन तक्रारी आहेत माझ्या नावावर, सर. एक अंधेरीची, एक बोरिवलीची. दोघांनाही असंच सांगून आलो होतो, दोघांनी अर्ध्या तासात चालू केला आणि वर म्हणाले, आम्हाला कोणी सांगितलंच नाही. तिसरी तक्रार आली की आयडी बंद, म्हणजे कामच बंद. कंपनीचा नियम आहे, माणूस बघत नाहीत. म्हणून आता सूचना लिहून गिऱ्हाइकाची सही घेतो.” त्याने वहीचे पान उघडले, पेन्सिल कानावरून काढली, सरांकडे पाहिले, आणि ओशाळल्यासारखा हसून वही परत पिशवीत टाकली. “तुमची काय सही घ्यायची, सर! तुम्ही आहात म्हणजे झालं.”

“माझ्याकडून तक्रार जाणार नाही,” सर म्हणाले. “शब्द देतो.”

शब्दाची त्यांच्याकडे कधीच कमतरता नव्हती. प्रबुद्ध गेला. जाताना त्याने दारातून वाकून नमस्कार केला, आणि तो सरांनी व्यासपीठावर घेतात तसा घेतला.

बारा वाजता सर आपल्या खोलीत एका भाषणाचा मसुदा तपासत होते, तेव्हा बाहेरून फस् फस् असा आवाज येऊ लागला. काचा पुसण्याच्या फवाऱ्याचा तो आवाज होता. सर दारापर्यंत आले. लताबाईंनी पदर खोचला होता. फ्रिजचे दार सताड उघडे होते, कपाळपट्टीवर कुंकवाचे स्वस्तिक होते आणि कडेची चिकटपट्टी नखाने खरवडून काढली होती. निळ्या प्लास्टिकच्या फवाऱ्यात काहीतरी पिवळसर होते. वासावरून ते काय आहे हे कोकणातल्या कोणत्याही मुलाला डोळे मिटून सांगता आले असते.

“लता, हे काय चाललंय?”

“दिसतंय ना? गोमूत्र. मठातून आणलेलं शिल्लक होतं.”

“अगं, तो म्हणून गेलाय आत ओलं करू नका.”

“खण झाले, कप्पे झाले. मी काही त्या मुलाला वाईट म्हणत नाही हं. चांगला आहे, बोलायला गोड आहे. पण नैवेद्याचं दूध यात राहणार. त्याने एकेक कोपरा हाताने घासलाय, स्वतः सांगितलं ना त्याने? मग एकेक कोपरा नको शिंपडायला?”

तर्क निर्दोष होता. माणसाने जितक्या निष्ठेने स्वच्छता करावी तितकी ती वस्तू अधिक विटाळावी, हे सूत्र मांडायला शास्त्रकारांना कित्येक शतके लागली. लताबाईंनी ते फ्रिजपाशी एका दमात सिद्ध केले. अर्धवट पुसून पाठवला असता, तर चार थेंबांवर भागले असते.

“तुला माझी मतं ठाऊक आहेत,” सर म्हणाले.

“हो, आणि ती बाहेर चांगली दिसतात. एप्रिलमध्ये मी तुमचा कुर्ता इस्त्री करून देते की नाही? देते ना? मग दूधदुभतं माझ्याकडे राहू द्या.” लताबाईंनी वरचा खण उघडला आणि मागच्या जाळीसमोर फवारा धरला. “हवा इथून येते म्हणाला ना? मग खरं तर इथेच पाहिजे. बाकीचं वरवरचं.”

सरांनी हात उचलला. तो हात पुढे झाला असता तर फवाऱ्याच्या दांड्यावर पडला असता. दोघांमध्ये जेमतेम चार पावले होती. त्याऐवजी तो हात चष्म्याकडे गेला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि खाली आला. घरातली भांडणे तत्त्वासाठी करू नयेत, असे त्यांचे तत्त्व होते. ते खोलीत परतले आणि दार लावून घेतले. फवारा बराच वेळ चालू होता. लताबाई मनापासून करीत होत्या, त्यामुळे हात आखडता घेतला नाही. अर्धी बाटली जाळीत गेली.

तीन वाजता, अगदी सांगितल्याप्रमाणे चार तासांनी, लताबाईंनी हात जोडून बटण दाबले. आतला दिवा लागला, दोनदा मिचकावला, कसलासा तडतडाट झाला आणि घरातली सगळी वीज गेली. दार उघडले तेव्हा जळक्या प्लास्टिकचा आणि गोठ्याचा असा एक संयुक्त दर्प बाहेर आला.

“घ्या! डबडं दिलंय,” लताबाई म्हणाल्या, आणि कंपनीच्या क्रमांकावर फोन लावला. सर खोलीत होते. फोनवरचा शब्द न् शब्द त्यांना ऐकू येत होता. ‘माणसाने नीट बसवला नाही’ हे वाक्य लताबाईंनी तीनदा उच्चारले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रबुद्ध आला, सोबत त्याचा पर्यवेक्षक राजेश. राजेश पोटाने पुढे आणि आवाजाने मोकळा. त्याच्या बोलण्यातले दोन मालवणी हेल ऐकताच लताबाईंनी विचारले, “तुम्ही खंयचे?”

“कणकवलीचो. तुम्ही?”

“माजां म्हायार जामसंड्याक!”

“अरे देवा! म्हणजे घरचीच माणसां की!” राजेश मनापासून खूश झाला. घरातला चौथा माणूस भिंतीपाशी गुडघ्यांवर बसून पेचकसाने जाळी उघडत होता.

जाळी निघाली. प्रबुद्धने आत बोट फिरवले आणि नाकापाशी नेले. मग शांतपणे म्हणाला, “राजेशभाऊ, जरा इकडे या. वास घ्या.”

राजेश वाकला. लहानपणी शेण काढलेल्या माणसाला ओळख पटायला वेळ लागला नाही. तो सरळ उभा राहिला आणि त्याने लताबाईंकडे न पाहण्याची काळजी घेतली.

“फिनेल असेल,” लताबाई म्हणाल्या.

“काकू, कुठल्या गाईचं फिनेल हे?” प्रबुद्ध म्हणाला. “मी काल आत हात घातला होता म्हणून ना? सांगा की. मी काय आज पहिल्यांदा ऐकणार आहे?”

“हे बघा, तुम्ही मला असं बोलायचं नाही.”

“मी बोलतच नाही, काकू. बोर्ड बोलतोय.”

“ए, गप रे,” राजेश म्हणाला. त्याने मोबाइलवर अहवालाचे पान उघडले आणि सोफ्याच्या कडेवर टेकला. “सर, हे सोपं आहे. दोनच रकाने आहेत. एक, गिऱ्हाइकाकडून आत द्रव गेला. मग कोणता द्रव, कसा गेला, ते लिहायचं, फोटो लावायचा आणि खाली तुमची सही. दुसरा, बसवणाऱ्याची चूक. साफ करताना ओलं राहिलं, सुकवलं नाही, असं काहीतरी. दोन्हीकडे तुम्हाला बदली फ्रिज मिळतो, त्याची चिंता नको. फक्त खरं कारण लागतं.” मग प्रबुद्धकडे वळून, “वहीत सही घेतलीस ना?”

“नाही.”

“का? तूच तर वही काढलीस सगळ्यांच्या आधी.”

प्रबुद्धने हातातली जाळी जमिनीवर ठेवली. तो सरांकडे पाहत होता. त्या नजरेत विनवणी असती तर सरांना ते सोपे गेले असते. विनवणीला कशी दाद द्यावी हे त्यांना ठाऊक होते. पण तिथे नुसती वाट पाहणे होते. गणिताचे उत्तर माहीत असलेल्या शिक्षकाकडे पाहावे तसे.

“सर, तुम्ही घरात होता. जे झालं ते सांगा. बस,” प्रबुद्ध म्हणाला.

सरांनी विचार केला, आणि त्यांचा विचार नेहमीप्रमाणे सुस्पष्ट होता. पहिल्या रकान्यात ‘गोमूत्र’ हा शब्द लिहिला जाईल. त्याच्याखाली त्यांची सही असेल. वर फोटो असेल. असले फोटो कंपनीच्या कपाटात राहत नाहीत. ते घाटकोपरच्या विहारात पोचतात, विक्रोळीत पोचतात, बार्शीला पोचतात. समतेच्या चळवळीतल्या एका ज्येष्ठ माणसाची नाचक्की झाली तर हानी चळवळीची होईल. समोर एका माणसाची नोकरी होती; पलीकडे समाजाचे व्यापक हित. व्यापक हित निवडण्याची सवय विद्वानांना लहानपणापासून लावली जाते.

“मी तेव्हा माझ्या खोलीत होतो,” सर म्हणाले. “दार लावलेलं होतं. मी काही पाहिलेलं नाही.”

राजेशने मान हलवली. लताबाईंनी आंब्याच्या वड्यांची बशी त्याच्यापुढे सरकवली.

“सर, तुम्ही शब्द दिला होता,” प्रबुद्ध म्हणाला.

“तक्रार करणार नाही, असा दिला होता. मी केलेली नाही. फोन हिने केला.” आपल्याच वाक्याची घडण सरांना अचूक वाटली. मग थोड्या मऊ आवाजात ते म्हणाले, “हे पाहा, प्रबुद्ध, तुमच्यासारख्या माणसाला काम कुठेही मिळेल. मी शिफारसपत्र देतो. दोन-तीन संस्थांमध्ये माझा परिचय आहे.”

“कसली शिफारस देणार, सर? आतून चांगला पुसतो म्हणून?”

राजेशने दुसऱ्या रकान्यावर बोट दाबले, वडी तोंडात टाकली आणि मोबाइल सरांपुढे धरला. सरांनी काचेवर बोटाने सही केली. बोटाची सही वेडीवाकडी येते, म्हणून त्यांनी ती पुसून पुन्हा केली.

मिनिटाभरात प्रबुद्धच्या खिशात मोबाइल वाजला. त्याने पाहिले. पडद्यावर दिवसाची कामे होती, मुलुंडमधलीच आणखी तीन घरे. ती पाहता पाहता पुसली गेली आणि तिथे कंपनीचा रिकामा पांढरा पडदा राहिला. लगेच पुढच्या घरच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. त्याने उचलला. “हां ताई… नाही, मी येत नाही. दुसरा कोणी येईल. नाही, माहीत नाही कोण. तोपर्यंत चालू करू नका बरं का. आडवा आणला असेल तर चार तास थांबा.” त्याने फोन ठेवला, पेचकस, चिमटा आणि वही पिशवीत भरली. सुटी केलेली जाळी मात्र जमिनीवरच राहिली.

“अरे, ही बसव तरी,” राजेश म्हणाला.

“कोण बसवणार? आयडी बंद झाला. मी इथे आता कोणी नाही.”

तो दारापाशी बूट घालायला बसला. सर त्याच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी ऐकायचे होते. राग चालला असता, शिवी तर उत्तमच. शिवी मिळाली असती तर हिशेब मिटल्यासारखे झाले असते, आणि पुढे कधी तो प्रसंग आत्मपरीक्षणाच्या स्वरात सांगताही आला असता. प्रबुद्धने सावकाश दोन्ही नाड्या बांधल्या, पिशवी खांद्याला लावली आणि उठला.

“लिफ्ट चालू आहे ना, सर?”

“हो.”

तो गेला.

“बदली फ्रिज शनिवारी येईल,” राजेश आतून सांगत होता. “बसवायला मी स्वतः येतो, वैनी. बिनघोर राहा.”

“तुम्ही येताय ना, मग काही प्रश्नच नाही,” लताबाई म्हणाल्या. “आतून कोणी पुसला, ते तेवढं विचारून या.”

दुपारी वालाची उसळ होती आणि सोलकढी. जेवण झाल्यावर सरांनी नेहमीप्रमाणे वामकुक्षी घेतली. झोप चांगली लागली.